जुगाराचा जुना कायदा डिजिटल काळासाठी नव्याने कसा लिहावा

जुगाराचे बहुतेक जुने कायदे एखाद्या जागेभोवती बांधलेले आहेत. भारताचा १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम घर, कुंपण घातलेली जागा आणि खोली यांविषयी बोलतो. तिथे मालकाच्या फायद्यासाठी पत्ते, फासे किंवा जुगाराची इतर साधने ठेवली असली की तो जुगारअड्डा ठरतो. अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत आणि तिथे सापडणाऱ्याला १०० रुपयांपर्यंत दंड. आयर्लंडचा कारभार १९३१ आणि १९५६ च्या कायद्यांवर २०२४ पर्यंत चालला. नेदरलँड्समध्ये १९६४ चा कायदा होता आणि ऑनलाइन खेळांना त्यात जागा मिळायला २०२१ उजाडले.

खेळ फोनवर आला की या रचनेचा पायाच सुटतो. सर्व्हर एका देशात असतो, कंपनीची नोंदणी दुसऱ्या देशात, पैसे तिसऱ्याच देशातून फिरतात आणि खेळणारा रात्री दोन वाजता अंथरुणात असतो. धाड घालायची कुठे आणि जप्त काय करायचे?

विधी विभागात, संसदीय समितीत किंवा धोरणाचे काम करणाऱ्या संस्थेत ज्यांच्या टेबलावर असा मसुदा येतो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. देशाने परवाना द्यायचा ठरवले काय किंवा बंदी घालायचे ठरवले काय, यातली निम्म्याहून अधिक कामे दोन्हीकडे करावीच लागतात.

आधी जुना कायदा उसवा

नवे कलम लिहिण्याआधी जुन्या कायद्याचा तक्ता करा. प्रत्येक कलमासाठी चार रकाने पुरतात: काय मना केले आहे, ते कशावर टेकले आहे (जागा, साधन, माणूस की पैसा), अंमल कोण करतो आणि ते कलम शेवटचे कधी वापरले गेले. ‘जागा’ आणि ‘साधन’ या रकान्यांत जितकी कलमे पडतील, तितकी ऑनलाइन खेळापुढे निकामी आहेत असे धरून चला.

हा तक्ता जुगाराच्या कायद्यापुरता ठेवू नका. लॉटरी, घोड्यांच्या शर्यती, जाहिराती, कर, काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा, वैयक्तिक माहितीचे संरक्षण, बँकांचे नियम हे सगळे त्यात घ्या. एक कायदा हमखास नजरेतून सुटतो, तो म्हणजे करारांचा. अनेक देशांत पैजेचा करार जुन्या कायद्याने निरर्थक ठरवलेला असतो. तो तसाच राहिला तर परवाना असलेल्या कंपनीने जिंकलेले पैसे बुडवले तरी खेळणाऱ्याला न्यायालयात दाद मागता येत नाही. ब्रिटनच्या २००५ च्या कायद्यात कलम ३३५ यासाठीच आहे: करार जुगाराशी संबंधित आहे एवढ्याच कारणाने त्याची अंमलबजावणी अडणार नाही. परवाना पद्धत आणणार असाल तर हे वाक्य पहिल्या मसुद्यातच घाला.

हेतू लिहा, आणि त्यात महसूल घालू नका

कायद्याच्या सुरुवातीला लिहिलेले हेतू पुढे न्यायालयात आणि नियामकाच्या रोजच्या निर्णयांत वापरले जातात. ब्रिटिश कायद्यात ते तीनच आहेत: जुगार हा गुन्हेगारीचा स्रोत होऊ नये, खेळ चोख आणि उघड असावा, मुलांना आणि सहज बळी पडू शकणाऱ्या माणसांना इजा किंवा पिळवणूक होऊ नये. तीन पुरेसे आहेत. महसूल वाढवणे हा चौथा हेतू घालण्याचा आग्रह अर्थखात्याकडून येतोच. तो मानला तर पुढे प्रत्येक संरक्षक नियमाविरुद्ध कंपनी म्हणेल की यामुळे महसूल घटतो आणि म्हणून हा नियम कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. कर हा करविषयक कायद्यात बसतो. इथे त्याची गरज नाही.

व्याख्या

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. व्याख्येत भोक राहिले तर बाकीचा कायदा कितीही चांगला असला तरी धंदा त्या भोकातून बाहेर पडतो.

जुगाराला तीन अंगे असतात: पणाला लावलेली किंमत, अनिश्चित निकाल आणि बक्षीस. व्याख्या या तिन्हींवर उभी करा आणि त्यात ना जागा येऊ द्या, ना यंत्र, ना तंत्रज्ञानाचे नाव. नमुना असा:

‘जुगार म्हणजे, कोणत्याही माध्यमातून, पैसा किंवा पैशात मोजता येईल अशी कोणतीही गोष्ट पणाला लावून, ज्याचा निकाल पूर्णतः किंवा अंशतः योगायोगावर अवलंबून आहे अशा खेळातून, सोडतीतून किंवा घटनेवरील पैजेतून, पैसा किंवा पैशात मोजता येईल अशी गोष्ट मिळवण्याची संधी घेणे.’

या वाक्यातले दोन तुकडे भांडणाचे आहेत. पहिला ‘अंशतः योगायोगावर’. कौशल्य की नशीब या वादात कित्येक देशांची न्यायालये वर्षानुवर्षे अडकली आहेत, कारण जुना कायदा ‘निव्वळ कौशल्याच्या’ खेळाला सूट देतो आणि निव्वळ म्हणजे किती हे सांगत नाही. ब्रिटिश कायद्याने हा प्रश्न कापून टाकला: खेळात योगायोग आणि कौशल्य दोन्ही असले, किंवा असामान्य कौशल्याने योगायोग नाहीसा करता येत असला, तरीही तो योगायोगाचा खेळच. खेळाच्या मैदानावरचे खेळ मात्र त्यातून वेगळे काढले. भारताने २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात दुसरा मार्ग घेतला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. दोन्ही मार्गांत धडा एकच आहे. ‘कौशल्य’ या शब्दावर सूट टांगून ठेवू नका. सूट द्यायचीच असेल तर नावानिशी यादी द्या.

दुसरा तुकडा ‘पैशात मोजता येईल अशी गोष्ट’. व्हिडिओ गेममधल्या लूट बॉक्सचा, म्हणजे आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांचा प्रश्न इथे येतो. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली अशा काही पेट्या जुगाराच्या कायद्यात मोडतात असे ठरवले. ब्रिटनमध्ये बक्षिसाचे पैसे करता येत नसतील तर ती पेटी जुगारात धरली जात नाही. कोणतीही बाजू घ्या, पण कायद्यात स्पष्ट लिहा की ‘पैसे करता येणे’ म्हणजे फक्त त्या कंपनीकडून पैसे मिळणे, की बाहेरच्या बाजारात वस्तू विकता येणेही त्यात आले. गेममधली रंगवलेली शस्त्रे बाहेरच्या संकेतस्थळांवर विकली जातात आणि त्यांवर पैजाही लागतात. ‘दोन नाण्यांच्या’ युक्तीचेही तसेच. एक नाणे विकत घ्यायचे, त्यासोबत दुसरे ‘भेट’ मिळते, आणि बक्षीस फक्त दुसऱ्यावर. विकत घेतलेल्या वस्तूसोबत मिळणारी भेट हीसुद्धा पणाला लावलेली किंमत समजली जाईल, हे एक वाक्य ती वाट बंद करते.

व्याख्या तयार झाली की तिची परीक्षा घ्या. वीस उत्पादनांची यादी करा: पोकर, काल्पनिक संघांची क्रिकेट स्पर्धा, शेअर निर्देशांकाच्या पुढच्या एका मिनिटावरची पैज, निवडणुकीच्या निकालावरचा अंदाज-बाजार, पाकिटातली लॉटरी, सोसायटीची सोडत, लूट बॉक्स, क्रिप्टोवर चालणारा ‘क्रॅश’ खेळ (चढत जाणारा आकडा कोसळण्याआधी पैसे काढून घ्यायचे), अशी. मसुद्याशी संबंध नसलेल्या तीन वकिलांना वेगवेगळे बसवून प्रत्येक उत्पादन आत की बाहेर ते लिहायला सांगा. तिघांचे उत्तर जुळत नाही तिथे व्याख्या अजून कच्ची आहे.

अधिकारक्षेत्र: खेळणारा जिथे, तिथला कायदा

कंपनी कुठे आहे हे विचारू नका, खेळणारा कुठे आहे ते विचारा. २००५ च्या ब्रिटिश कायद्याने ऑनलाइन जुगाराला परवाना दिला, पण यंत्रणा परदेशात असलेल्या कंपन्या त्याबाहेर राहिल्या. धंदा ब्रिटिश ग्राहकांशी, परवाना आणि कर दुसरीकडे, अशी अवस्था झाली. ती २०१४ मध्ये नवा कायदा करून दुरुस्त करावी लागली. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ब्रिटनमधल्या ग्राहकाला सेवा देणाऱ्या प्रत्येकाला ब्रिटिश परवाना सक्तीचा झाला. कोणत्याही देशाने आज नव्याने लिहिताना ही नऊ वर्षे वाया घालवायचे कारण नाही.

कलमात ‘देशातील व्यक्तीला सेवा देणे’ याच्या खुणा लिहून ठेवा: देशाच्या चलनात व्यवहार, देशातल्या भाषेत ग्राहकसेवा, देशातल्या बँकेतून पैसे घेणे, देशातल्या स्पर्धांची जाहिरात. एकही खूण एकटी निर्णायक नाही, पण सर्व मिळून पुरावा उभा राहतो. ‘आम्ही नोंदणीच्या वेळी देश विचारला होता’ एवढा बचाव पुरणार नाही, हेही लिहा.

काय कायद्यात, काय नियमांत

तीन थर ठेवा. मूळ कायद्यात व्याख्या, गुन्हे, नियामकाचे अधिकार आणि मर्यादा घालण्याची सत्ता. त्याखालच्या नियमांत पणाची, म्हणजे एका डावात लावायच्या पैशाची, कमाल रक्कम, जाहिरातींच्या वेळा, शुल्क. सर्वांत खाली, परवान्याच्या अटींत आणि तांत्रिक मानकांत, यादृच्छिक आकडे काढणाऱ्या प्रणालीची चाचणी, नोंदींचा साचा, स्लॉटच्या (चक्रे फिरवून चित्रे जुळवण्याच्या खेळाच्या) फिरकीचा वेग.

यात दोन बाजूंनी चूक होते. सगळे मूळ कायद्यात कोंबले तर फिरकीचा वेग बदलायलाही संसद लागते. उलट मूळ कायद्यात सत्ताच दिली नाही तर नियम न्यायालयात पडतात. स्पेनने २०२० मध्ये राजाज्ञेने जाहिरातींवर कडक बंधने घातली. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली अनेक कलमे रद्द केली, कारण धंद्याच्या स्वातंत्र्यावर इतके मोठे बंधन घालायला मूळ कायद्याचा आधार पुरेसा नव्हता. म्हणून मूळ कायद्यात प्रत्येक सत्ता नाव घेऊन लिहा: ‘नियामक जाहिरातीची वेळ, माध्यम, मजकूर, प्रायोजकत्व आणि बोनस यांवर बंधने घालू शकेल.’ ‘आवश्यक ते नियम करू शकेल’ या मोघम ओळीवर विसंबू नका.

नियामक

नियामक अर्थखात्याखाली नको आणि सरकारी लॉटरी चालवणाऱ्या संस्थेत तर मुळीच नको. स्वतःच खेळ विकणाऱ्याने दुसऱ्याच्या खेळावर लक्ष ठेवायचे ही मांडणी टिकत नाही. खर्च परवाना शुल्कातून भागवा, पण दंडाची रक्कम नियामकाच्या खात्यात जाऊ देऊ नका. ती सरकारी तिजोरीत जावी, नाहीतर प्रत्येक दंडावर हेतूचा संशय येतो.

माणसे कोणती लागतात हे आधीच लिहून ठेवा: डेटा विश्लेषक, खेळांची गणिते समजणारा संख्याशास्त्रज्ञ, पैशाच्या वाटा शोधणारे लेखापरीक्षक, व्यसनमुक्तीतले डॉक्टर. फक्त वकील आणि निरीक्षक घेऊन उभा केलेला नियामक कंपनीने पाठवलेली फाइल उघडूही शकत नाही.

परवाना

तीन प्रकारचे परवाने लागतात: ग्राहकाला खेळ देणाऱ्या कंपनीला, खेळाचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला, आणि जबाबदार पदांवरच्या माणसांना व्यक्तिशः. मधला परवाना बरेच देश विसरतात. स्वीडनने २०१९ मध्ये बाजार खुला केला, पण सॉफ्टवेअर पुरवठादारांचा परवाना २०२३ मध्ये आणला. त्याचा उपयोग मोठा आहे: पुरवठादाराने तोच खेळ विनापरवाना संकेतस्थळाला दिला तर त्याचा परवाना जातो. बेकायदा संकेतस्थळ नाव बदलत राहते, पण त्यावरचे लोकप्रिय खेळ मोजक्याच कारखान्यांतून येतात.

अर्जात मागायच्या गोष्टी: शेवटच्या खऱ्या मालकापर्यंतची साखळी, पैशाचा स्रोत, इतर देशांतल्या कारवाया, ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात असल्याचा पुरावा, आणि आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रत्येक खेळाचे चाचणी-प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा डिजिटल ठसा असू द्या, म्हणजे नंतर गुपचूप बदललेला खेळ पकडता येतो.

कर: पणावर की उत्पन्नावर

इथे एक हिशेब जवळून बघणे भाग आहे, कारण याच चुकीने पुढचे बरेच काही बिघडते.

एका स्लॉट खेळाचा परतावा ९६ टक्के आहे. म्हणजे १०० लावले तर सरासरी ९६ परत येतात आणि ४ कंपनीकडे राहतात. खेळणाऱ्याने खात्यात १०० युरो भरले आणि जिंकलेले पुन्हा लावत सगळे संपेपर्यंत खेळला, तर सरासरीने त्याने एकूण २,५०० युरो पणाला लावलेले असतात. तेच शंभर पुन्हा पुन्हा फिरलेले. कंपनीचे ढोबळ उत्पन्न, म्हणजे एकूण पण वजा वाटलेली बक्षिसे, १०० युरोच.

आता उत्पन्नावर २० टक्के कर लावा: २० युरो. त्याऐवजी पणावर ५.३ टक्के लावा: २,५०० वर १३२ युरोंहून जास्त. खेळणाऱ्याने आणले त्याहून कर मोठा. कंपनीपुढे एकच वाट राहते, परतावा खाली आणणे. परतावा ८८ केला तर शंभर युरो सरासरी ८३३ युरोंच्या पणात संपतात, कर ४४ होतो आणि धंदा चालतो. फक्त खेळणाऱ्याचे पैसे तिप्पट वेगाने जातात. परवाना नसलेल्या संकेतस्थळावर ९६ टक्क्यांचा खेळ तसाच चालू असतो आणि जास्त खेळणाऱ्या माणसाला हा फरक लवकर कळतो. जर्मनीने २०२१ मध्ये आभासी स्लॉटवर पणाच्या ५.३ टक्के कर लावला तेव्हापासून याच मुद्द्यावर त्याच्यावर टीका होते. फ्रान्सनेही आधी खेळांवरच्या पैजांत पणावरच कर लावला होता, २०२० पासून तो ढोबळ उत्पन्नावर नेला.

म्हणून कर ढोबळ उत्पन्नावर लावा आणि ‘ढोबळ उत्पन्न’ याची व्याख्या बोनससकट लिहा. मोफत दिलेल्या पैजा वजा करता येतील की नाही हे न लिहिल्यास अर्धा वाद तिथेच होतो. दर किती ठेवायचा याला एकच उत्तर नाही. डेन्मार्कने २०१२ मध्ये २० टक्क्यांनी सुरुवात केली आणि २०२१ मध्ये २८ वर नेला. स्वीडनने १८ वरून २०२४ मध्ये २२ केला. बाजार स्थिर झाल्यावर हळूहळू चढवलेला दर पेलतो. पहिल्याच दिवशी चढा ठेवलेला दर लोकांना परवान्याच्या बाहेर ढकलतो.

कराखेरीज उपचार आणि संशोधनासाठी वेगळा सक्तीचा अधिभार ठेवा. ब्रिटनमध्ये हे वर्षानुवर्षे कंपन्यांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालले. एप्रिल २०२५ पासून तिथे उत्पन्नाच्या ०.१ ते १.१ टक्के अधिभार सक्तीचा झाला. देणगी देणारा कुणाला द्यायचे तेही ठरवतो, म्हणून ऐच्छिक रचना टाळा.

खेळणाऱ्याचे संरक्षण

एका तासाचा अपेक्षित तोटा काढायचे सूत्र सोपे आहे: एका फिरकीचा पण × तासातल्या फिरक्या × कंपनीचा वाटा. प्रत्येक प्रस्तावित नियम या सूत्रात घालून बघा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटची फिरकी कमीत कमी २.५ सेकंदांची आहे, म्हणजे तासाला १,४४० फिरक्या. २०२५ पासून पणाची कमाल मर्यादा २५ वर्षे व त्यावरील वयाला ५ पौंड आणि १८ ते २४ वयाला २ पौंड आहे. ९६ टक्के परताव्यावर पहिल्या गटाचा तासाचा तोटा २८८ पौंडांपर्यंत जाऊ शकतो, दुसऱ्याचा ११५ पर्यंत. जर्मनीत १ युरो आणि ५ सेकंद, म्हणजे तासाला ७२० युरोंचा पण. परतावा ९६ असता तर तोटा २९ युरो झाला असता, ८८ वर तो ८६ होतो. कराच्या कलमाने संरक्षणाच्या कलमाचा फायदा कसा खाल्ला ते इथे आकड्यात दिसते. म्हणून कर आणि संरक्षण या दोन समित्यांना वेगळे बसवू नका.

आपोआप फिरत राहणारा खेळ बंद करा. क्रेडिट कार्डावर खेळू देऊ नका. ब्रिटनने ते एप्रिल २०२० मध्ये बंद केले, ऑस्ट्रेलियाने ऑनलाइन पैजांसाठी जून २०२४ मध्ये. कार्डातून ई-वॉलेटमध्ये आणि वॉलेटमधून खेळात, ही आडवाटही त्याच कलमात बंद करा. ओळख आणि वय पैसे भरण्याआधी तपासा. पैसे काढताना तपासणी ठेवली की कंपनी हरणाऱ्याला सहज आत घेते आणि जिंकलेल्याकडे कागद मागत बसते.

ठेवीची मर्यादा प्रत्येक कंपनीपुरती ठेवली तर माणूस दुसऱ्या कंपनीत जातो. जर्मनीत सर्व कंपन्या मिळून महिन्याला १,००० युरो अशी मर्यादा मध्यवर्ती प्रणालीतून मोजली जाते. जास्त मर्यादा हवी तर ऐपत दाखवावी लागते. ब्रिटनने वेगळी पद्धत घेतली: ३० दिवसांत निव्वळ १५० पौंडांहून जास्त ठेव झाली की दिवाळखोरीसारख्या सार्वजनिक नोंदी तपासायच्या. खेळणाऱ्याला काहीच पाठवावे लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, स्वबंदीची मध्यवर्ती नोंदवही. ‘मला खेळू देऊ नका’ असे माणसाने एकदा सांगितले की सर्व परवानाधारकांकडे एकाच वेळी दार बंद झाले पाहिजे. स्वीडनची स्पेलपॉस, डेन्मार्कची रोफस, नेदरलँड्सची क्रुक्स, जर्मनीची ओआसिस, ऑस्ट्रेलियाची बेटस्टॉप या सगळ्या याच कामाच्या. ती कशी चालते ते तपशिलात बघा, कारण बिघाड तपशिलातच होतो.

खेळणारा लॉगिन करतो. कंपनीची प्रणाली त्याची ओळख नोंदवहीकडे पाठवते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. कधीपासून बंदी, का, हे कंपनीला कळता कामा नये. ही विचारणा नोंदणीच्या वेळी एकदाच करून भागत नाही, प्रत्येक लॉगिनला झाली पाहिजे, कारण माणूस आज दुपारी बंदी घेतो आणि आज रात्री हात पुन्हा फोनकडे जातो. नोंदवहीकडून ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही तर लॉगिन नाकारायचे, हा नियम मानकात लिहा. तो नसेल तर यंत्रणा बंद पडलेल्या रात्री सगळी दारे उघडी राहतात. आधीच आत असलेल्याला बंदी लागताच बाहेर काढायचे आणि खात्यातली शिल्लक त्याला परत द्यायची. जाहिरातीच्या याद्याही रोज याच नोंदवहीशी ताडून साफ करायच्या. बंदी घेतलेल्या माणसाला ‘परत या, बोनस घ्या’ असा संदेश गेला तर सगळे व्यर्थ.

ओळख कशी जुळवायची हा कळीचा प्रश्न आहे. स्वीडनमध्ये बँकेची डिजिटल ओळख असल्याने तो सुटतो. ब्रिटनमध्ये नाव, जन्मतारीख, पिनकोड, ईमेल, फोन यांवरून जुळवावे लागते आणि स्पेलिंग बदलून आत शिरणाऱ्यांची वाट उरते. देशाकडे पक्की डिजिटल ओळख नसेल तर किमान दोन गोष्टी जुळल्या की दार बंद ठेवा आणि चुकून अडलेल्याला २४ तासांत दाद मिळेल अशी सोय करा. मुदत संपली की बंदी आपोआप उठू नये. माणसाने स्वतः मागितले तरच, आणि एका दिवसाच्या थांब्यानंतर.

नोंदी

तिमाही अहवाल मागू नका, कच्च्या नोंदी मागा. डेन्मार्कमध्ये प्रत्येक कंपनी ठरलेल्या साच्यातल्या नोंदी एका वेगळ्या तिजोरीत ठेवते, नियामक ती केव्हाही वाचू शकतो आणि नोंदीत नंतर फेरफार झाला तर डिजिटल शिक्क्यावरून उघड होते. प्रत्येक पण, प्रत्येक ठेव, प्रत्येक मर्यादा-बदल वेळेसकट. खेळणाऱ्याचे नाव तिथे टोपणक्रमांकाने ठेवा. त्यामागचे खरे नाव फक्त ठरलेल्या कारणासाठी आणि लेखी आदेशावर उघडावे.

परवाना नसलेल्यांचे काय

संकेतस्थळ रोखण्याची सत्ता लागतेच. पण दर पत्त्यासाठी वेगळा आदेश लागत असेल तर सकाळी बंद केलेले संकेतस्थळ दुपारी एक अक्षर बदलून परत येते. आदेशातच लिहा की तीच सेवा देणारे नवे पत्ते नियामकाने कळवताच रोखले जातील. चुकून अडलेल्यासाठी अपिलाची वाट हवी.

याहून जास्त उपयोग पैशाची वाट अडवण्याचा होतो. कार्डाच्या व्यवहारात जुगाराचा सांकेतिक क्रमांक ७९९५ असतो. फक्त त्यावर भिस्त ठेवून व्यवहार अडवला की बेकायदा संकेतस्थळ फुलांचे दुकान किंवा सॉफ्टवेअर विक्री म्हणून पैसे घेऊ लागते. म्हणून चुकीचा क्रमांक लावणाऱ्या पेमेंट कंपनीवर दंड ठेवा, आणि नियामकाच्या माणसांनी दर आठवड्याला स्वतः छोट्या रकमा भरून पैसे नेमके कोणाच्या खात्यात जातात ते शोधावे. भाड्याने घेतलेली वैयक्तिक खाती, व्हाउचर आणि क्रिप्टो या वाटाही अशाच सापडतात. नुसत्या शिक्षेच्या कलमातून त्या सापडत नाहीत.

खेळणाऱ्याला गुन्हेगार करू नका. कर्जात बुडालेला माणूस तक्रार द्यायला यायचा असेल तर त्याला अटकेची भीती नको.

पूर्ण बंदी निवडणाऱ्या देशालाही हा सगळा विभाग, व्याख्या आणि उपचाराची सोय लागतेच. फक्त नोंदी मिळत नाहीत, त्यामुळे किती लोक खेळतात हे मोजायला वेगळी सर्वेक्षणे करावी लागतात.

जाहिराती

इटलीने २०१८ मध्ये जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. नेदरलँड्सने २०२३ पासून सरसकट सर्वांना दिसणाऱ्या जाहिराती बंद केल्या. आयर्लंडच्या नव्या कायद्यात टीव्ही-रेडिओवर पहाटे साडेपाच ते रात्री नऊ बंदी आहे. कोणतीही पद्धत घ्या, पण मोबदला घेऊन ग्राहक आणून देणारे मध्यस्थ आणि समाजमाध्यमांवरचे प्रभावक कलमात नावाने आले पाहिजेत. मध्यस्थाला हरलेल्या रकमेचा टक्का देण्यावर बंदी घाला. त्या टक्क्यामुळे सर्वांत जास्त हरणारा माणूस हाच सर्वांत मोलाचा ग्राहक ठरतो. बोनसबाबत स्वीडनचा नियम साधा आहे: पहिल्या वेळी एकदाच.

बदलाचा क्रम

कायदा लागू होण्याचा दिवस आणि बाजार उघडण्याचा दिवस वेगळे ठेवा. नेदरलँड्सने कायदा २०१९ च्या फेब्रुवारीत संमत केला, १ एप्रिल २०२१ ला लागू केला, अर्ज तपासले आणि १ ऑक्टोबरला बाजार उघडला. जर्मनीत जुगाराविषयीचा राज्याराज्यांतला नवा करार जुलै २०२१ मध्ये लागू झाला, पण संयुक्त नियामक पूर्ण अधिकारांनिशी जानेवारी २०२३ मध्ये उभा राहिला. मधले दीड वर्ष वेगवेगळ्या राज्यांच्या हंगामी व्यवस्थेवर गेले. ब्रिटनमध्ये ऑनलाइन परवाने २००७ पासून होते आणि सर्व कंपन्यांना एकत्र स्वबंदीची सक्ती मार्च २०२० मध्ये आली. तोपर्यंत एकदा ‘मला अडवा’ सांगितले की सर्व कंपन्यांची दारे बंद होतील याची हमी नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवा: संमतीनंतर पहिल्या सहा महिन्यांत नियामक आणि त्याची माणसे, बाराव्या महिन्यापर्यंत नियम आणि तांत्रिक मानके, मग नोंदवही आणि नोंदींची तिजोरी, त्यांच्याशी कंपन्यांची जोडणी, आणि अठराव्या ते चोविसाव्या महिन्यात बाजार. जुन्या कायद्याखालचे खटले, जुने परवाने आणि जुन्या थकबाक्या यांचे काय होईल ते संक्रमणाच्या अनुसूचीत एकेक करून लिहा. आधी बेकायदा धंदा करणाऱ्यांना परवाना द्यायचा का, हा प्रश्न टाळता येत नाही. ठरावीक तारखेनंतर देशातल्या ग्राहकांना सेवा देत राहिलेल्याला दोन वर्षे अर्ज करता येणार नाही, असा स्पष्ट नियम ठेवा.

पणाच्या मर्यादांना पुनर्विलोकनाची तारीख कायद्यातच द्या, तीन वर्षांहून लांबची नको. ब्रिटनमध्ये दुकानातल्या पैज-यंत्रांवर एका डावाला १०० पौंड लावता येत होते. ते २ पौंडांवर यायला एप्रिल २०१९ उजाडले.

बाजार उघडण्याच्या दोन आठवडे आधी एक चाचणी घ्या. नियामकाचे दहा कर्मचारी नोंदवहीत स्वतःवर बंदी घेतील आणि प्रत्येक परवानाधारकाच्या संकेतस्थळावर, ॲपवर आणि दुकानातही आत जायचा प्रयत्न करतील: नेहमीच्या नावाने, नावाचे स्पेलिंग बदलून, नव्या फोन क्रमांकाने, आणि नोंदवही मुद्दाम बंद ठेवलेल्या तासातही. ज्या कंपनीचे एकही दार उघडेल तिला त्या दिवशी सुरू करू देऊ नका. तीनपेक्षा जास्त कंपन्यांची दारे उघडली तर दोष नोंदवहीच्या जोडणीत आहे असे समजा आणि सर्वांचीच तारीख पुढे ढकला.